विकतचा चंद्र

माणसाने थाप मारावी, पण निदान ज्यातलं चार आणे कळतं त्यात तरी मारावी. चष्म्याच्या दुकानातल्या या गृहस्थांना तेवढंही भान राहिलं नाही. डोक्यावर टक्कल पडलं तरी दर शनिवारी टायरच्या दुकानावरच्या खोलीत जाऊन बोटाएवढ्या अंतराळवीरांच्या लढाया खेळायच्या, हा त्यांचा छंद. मोठ्या टेबलावर परका ग्रह मांडायचा, फासे टाकायचे, हरायचं आणि खुशीत घरी यायचं. हरूनही ऐट तसूभर कमी होत नसे, म्हणून मंडळी त्यांना कप्तान म्हणत.

या मंडळींनी एकदा स्पर्धा ठेवली. घरातल्या टाकाऊ सामानातून आपल्या हातांनी ग्रह नाहीतर चंद्र बनवून आणायचा. खडक, विवरं, अवकाशतळ, सगळं घरी केलेलं. कप्तानांनी थर्माकोलचा एक तुकडा कापून पाहिला, तो वेडावाकडा मोडला, आणि त्यांचा धीर तिथेच सुटला. मग त्यांनी दूरच्या एका कारागिराकडून तयार चंद्र मागवला, खाली चिकटवलेलं त्याचं नाव नखाने खरवडून काढलं आणि पहिलं बक्षीस मारलं. खोकं आलं तेव्हा बायको घरातच होती. बक्षिसाचा कप आला तेव्हाही होती. तो कप तिने फडताळात अगदी मागे सारला.

आता ही बाई कशी, तर खोटं म्हणून बोलायची नाही. नणंदेने नवा ड्रेस घालून कसा दिसतो विचारलं, तर ही सरळ सांगणार की रंग खुलत नाही तुम्हाला. दारावर नको असलेला माणूस आला तरी 'घरी नाहीत' हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नाहीत. सगळे नातेवाईक तिला टरकून असत, आणि अडीअडचणीला विश्वास ठेवायचा तर तिच्यावरच ठेवत.

पुढे मंडळींनी कप्तानांना गळ घातली की विवर कसं करता ते करून दाखवा, आणि घरच्यांनाही घेऊन या. नकार द्यायला सबब सुचेना. थर्माकोल कोरून त्यावर रंगाचा स्प्रे मारला की झालं, वेळ मारून नेऊ, असा त्यांनी हिशोब केला. बायको येणार नाही अशी त्यांची खात्री होती. ती आली.

दुसरं बक्षीस मिळालेल्या बाई निवृत्त नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. औषधाच्या बाटल्यांची झाकणं जोडजोडून त्यांनी अवकाशतळ उभारला होता. बिचाऱ्यांनी अगदी कौतुकाने विचारलं, घरात पसारा होत असेल ना फार? खोलीतले सगळे वळून बायकोकडे बघू लागले. तिने एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते उतरलं होतं.

"होतो ना," ती म्हणाली. "थर्माकोलचे दाणे केसांतसुद्धा सापडतात."

सगळे हसले. कप्तानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या थापांची त्यांना सवय होती, तिच्या तोंडून थाप ऐकायची नव्हती. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी घाईघाईने स्प्रेचा डबा उचलला आणि कोरलेल्या तुकड्यावर रंग मारला. तुकडा चुरचुरला आणि पाणी पडलेल्या साखरेसारखा बघता बघता खचला. खोलीत कुणी हसलं नाही. ज्याने जन्मात एक खडक बनवलाय त्याला ठाऊक असतं, आधी गोंदाचा लेप द्यायचा, नाहीतर स्प्रे थर्माकोल खाऊन टाकतो.

"लेप दिला नव्हता का?" सिस्टरनी हळूच विचारलं.

"लेप घरी मी देते," बायको म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "ह्यांना नुसतं रंगवायचं माहीत."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सिस्टर तर म्हणाल्या, मग अर्धं बक्षीस तुमचं, पुढच्या शनिवारी लेप तुम्हीच शिकवा. बायको हो म्हणाली. घरी जाताना ती दोन पावलं पुढे चालत होती, आणि कप्तानांना तिला गाठायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर थर्माकोलचे तुकडे, गोंदाची बाटली आणि जुना ब्रश आला. तिने कापलेला पहिला खडक मोडला, दुसरा कलंडला, तिसऱ्याचा लेप सुकता सुकता उकलला. कप्तान नुसते भोवती घुटमळत होते. शेवटी त्यांनी सुचवलं की राहू दे हे सगळं, तुझी तब्येत बरी नाही म्हणून कळवतो मी.

तिने हातातला ब्रश खाली ठेवला. "मी जे बोलले ते शनिवारपर्यंत मी खरं करीन. तुमचं तुम्ही बघा."

तिच्या केसांत खरंच दाणे अडकले होते. काढायला त्यांनी हात पुढे केला, तशी तिने मान बाजूला घेतली. हात तसाच मागे घेऊन ते उभे राहिले, दुकानात चष्मा फोडून बसलेल्या नोकरासारखे. मग त्यांनी फडताळ उघडलं, पार मागे हात घालून कप काढला आणि शनिवारी न्यायच्या पिशवीत ठेवला.

"सगळ्यांसमोर?" त्यांनी विचारलं.

"मी सगळ्यांसमोरच बोलले होते," ती म्हणाली, आणि तिने पुढचा तुकडा कापायला घेतला.