‘अथवा’च्या जागी ‘आणि’

“अनुमोदक कोण?” सुदर्शन लिमयांनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

बैठक सुरू होऊन दोन तास झाले होते, सात विषय संपले होते आणि चहा अजून आला नव्हता. टेबलाभोवतीचे नऊ जण आपापल्या कागदांत बघत होते. सत्यशीला ओव्हाळ अध्यक्षांच्या अगदी शेजारी बसली होती, त्यामुळे लिमयांची नजर आधी तिच्यावर गेली.

“ताई, तुमचं नाव घालू?”

“कशाला?”

“अनुमोदनाला. विषय आठ, घटना दुरुस्ती.”

तिनं समोरचा कागद पाहिला. ‘कलम ४ (ब) मधील “अथवा” या शब्दाऐवजी “आणि” हा शब्द वाचावा.’ एवढंच होतं. छपाईतली चूक असेल, असं तिला वाटलं. शिवाय ‘अथवा’पेक्षा ‘आणि’ कानाला बराही वाटत होता.

“घाला,” ती म्हणाली.

सत्यशीला बावन्न वर्षांची होती. एका धर्मादाय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती अठ्ठावीस वर्षं रक्त-लघवी तपासत आली होती. राहायला खडकीला. नवरा अनंत दारूगोळा कारखान्यातून नुकताच निवृत्त झाला होता. जिल्ह्यातल्या प्रयोगशाळा तंत्रज्ञांची एक संस्था होती. वर्षाला दोन व्याख्यानं, एक सहल, कोणी सभासद अडचणीत आला तर त्याच्या बाजूनं एखादं पत्र, असं संस्थेचं काम चाले. दोन वर्षांपूर्वी लिमयांचा फोन आला होता, “कार्यकारिणी बिनविरोध होतेय, तुम्ही फक्त सही करा.” तिनं सही केली आणि अनंतनं ती बातमी क्वार्टर्समधल्या सगळ्यांना सांगितली.

पण बैठकीत तिला काही उमगत नसे. पहिल्या दिवशी ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ असं वाचलं, तेव्हा ती बिचकलीच. कायम करणं म्हणजे नोकरीत कायम करणं, एवढंच तिला माहीत होतं. ती स्वतः सात वर्षं हंगामी होती. मग गणपूर्ती, पटलावर ठेवणं, उपसूचना. ती वहीत शब्द उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन विसरायची. विचारायची लाज वाटे. बाकीच्यांना सगळं कळत असणार, असं तिला वाटे. हे कधी कुणाला विचारून पाहावं असं मात्र तिच्या मनात आलं नाही.

तीन आठवड्यांनी वार्षिक सभेची सूचना सगळ्या सभासदांना गेली. त्या रविवारी ती मेथी निवडत बसली होती, तेवढ्यात फोन वाजला.

“सत्यशीला, बाबुराव बोलतोय. कामात हाईस का?”

“नाही सर, बोला ना.”

“संस्थेचं पत्र आलंय. खाली अनुमोदक म्हणून तुझं नाव हाय, म्हणून म्हटलं तुलाच विचारावं. यात लिहिलंय, ठराव मंजूर झाला की माझं सभासदत्व आपोआप संपणार.” पलीकडे कागद चुरचुरला. “माझं काय चुकलं का गं? चुकलं आसंल तर तसं सांग.”

“नाही सर. काहीतरी टायपिंगचं असेल. मी बघते.”

फोन ठेवून तिनं कपाटातून संस्थेच्या घटनेची पुस्तिका काढली. दोन वर्षांत ती कधी उघडली नव्हती. कलम ४ (ब): ‘सभासदाकडे मान्यताप्राप्त पदविका अथवा प्रयोगशाळेतील दहा वर्षांचा अनुभव असावा.’ तिनं मनातल्या मनात ‘अथवा’ काढलं आणि तिथं ‘आणि’ ठेवलं. पुन्हा वाचलं. बोटाला मेथीची माती होती, ती पानाला लागली.

“काय झालं?” अनंतनं विचारलं.

“मी सरांना काढलं.”

“कुठून?”

तिनं उघडी पुस्तिका त्याच्यापुढं धरली.

बाबुराव धुमाळ अठराव्या वर्षी भूगावहून येऊन तिच्याच रुग्णालयात परिचर म्हणून लागले होते. बाटल्या धुता धुता रक्त काढायला शिकले, मग काचपट्टी रंगवायला, मग सूक्ष्मदर्शकात बघायला. डॉक्टर अडले की त्यांना हाक मारत. कागदोपत्री मात्र ते शेवटपर्यंत परिचरच राहिले आणि सगळं रुग्णालय त्यांना मामा म्हणायचं. सत्यशीला तेवढी सर म्हणायची. पदविका घेऊन ती नवी आली होती, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं एका रिपोर्टवर ‘मलेरियाचे जंतू नाहीत’ असं लिहिलं होतं. बाबुरावांनी कागद हातात धरून विचारलं, “न्हाईत, का तुला दिसलं न्हाईत?” तिला पुन्हा स्टुलावर बसवलं. पाऊण तासानं एका लाल पेशीच्या आत तिला अंगठीसारखं बारीक वर्तुळ दिसलं. तेव्हापासून ती त्या कामात कुणालाच भ्यायली नाही.

सोमवारी ड्यूटी संपवून ती लिमयांकडे गेली. टिळक रस्त्यावर त्यांची स्वतःची लॅब होती.

“टायपिंगची चूक?” लिमये म्हणाले. “ताई, त्या एका शब्दावर मी चार महिने घालवलेत.”

“पण मग धुमाळ सर जातात.”

“धुमाळ मामांसारखे एक्केचाळीस जण जातात. बसा. पाणी घ्या.” त्यांनी चष्मा काढला. “मागच्या वर्षीची केस आठवते? कात्रजच्या पुढं एक लॅब होती. अनुभवावर शिकलेला माणूस. त्यानं रक्तगट चुकीचा लिहिला आणि बाळंतिणीला भलतंच रक्त चढलं. ती वाचली ते तिचं नशीब. त्या लॅबच्या भिंतीवर आपलं सभासदत्वाचं प्रमाणपत्र होतं. फ्रेम करून. आणि बैठकीत ‘हे थांबायला हवं’ असं कोण म्हणालं होतं?”

तीच म्हणाली होती. तिला ते लख्ख आठवलं. दोन रात्री त्या बाईच्या विचारानं तिला झोप लागली नव्हती.

“पण सर तसे नाहीत.”

“नाहीतच. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण नव्या नोंदणी कायद्याच्या फॉर्ममध्ये आदराला रकाना नाही.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “तुम्ही ठराव वाचला होता ना?”

“वाचला होता. कळला नव्हता.”

“हे इतिवृत्तात घालायचं का?”

ती उठली. लिमये चुकीचं बोलत नव्हते, हेच तिला छळत होतं. ते लबाड असते तर सोपं गेलं असतं.

तिनं चिटणीस उत्कर्षाला फोन लावला. उत्कर्षा तिशीतली, चटपटीत मुलगी होती.

“मॅम, टेक्निकली अनुमोदन विड्रॉ करायची प्रोव्हिजनच नाहीये. मी दोनदा चेक केलं.”

“मग जुन्या सभासदांना तरी ठेवा, अशी काही सूचना?”

“ती देता येते ना. पण लेखी, सभेच्या सात दिवस आधी.”

“सभेला किती दिवस आहेत?”

“सहा, मॅम.”

गुरुवारी ती वारज्याला गेली. बाबुराव मुलाच्या फ्लॅटवर तिसऱ्या मजल्यावर राहत. शहात्तर वर्षांचे झाले होते, एका कानात यंत्र होतं. त्यांनी टीपॉयवर कागद मांडून ठेवले होते. रुग्णालयाचं अनुभवाचं पत्र, निवृत्तीचा आदेश, संस्था स्थापन झाली तेव्हाची पिवळी पडलेली पावती. सभासद क्रमांक तीन.

“परीक्षा घेणार आसतील तर देतो मी,” ते म्हणाले. “चष्मा नवा केलाय. फक्त अभ्यास कशाचा करायचा ते लिहून दे.”

“सर, परीक्षा नाहीये.”

“मग?”

“आधी डिप्लोमा किंवा अनुभव, दोन्हीपैकी एक चालायचं. आता दोन्ही लागणार.”

त्यांनी पत्र उचलून पुन्हा वाचलं. ओठ हलत होते. “आन् तू हो म्हणालीस.”

“हो.”

“का?”

बसमध्ये तिनं या प्रश्नाची दोन-तीन उत्तरं तयार केली होती. कात्रजच्या बाईचं एक होतं, नव्या कायद्याचं एक होतं. त्यातलं एकही तिच्या तोंडून निघालं नाही.

“मला कळलंच नाही, सर. आणि मी विचारलं नाही.”

बाबुरावांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, “कळलं न्हाई तर विचारायचं आसतं.” आवाज चढला नव्हता. तिची मान खाली गेली.

त्यांच्या पत्नी द्वारकाबाई पोहे घेऊन आल्या. “अहो, त्या संस्थेत तुम्हाला मिळतं तरी काय? वर्षाला एक कॅलेंडर. ते सुदर्शन लिमयांच्या लॅबमधूनही येतं म्हणावं.”

“द्वारका, तुला न्हाई कळायचं.”

“मला काय कळायचंय? पेन्शनच्या कागदावर परिचर, लोकांच्या तोंडी मामा.” त्या सत्यशीलेकडे वळल्या. “तेवढ्या एका संस्थेचं पाकीट येतं बघ. वर लिहिलेलं असतं, श्री. बाबुराव धुमाळ, तंत्रज्ञ. ते पाकीट फेकू देत नाहीत. खण भरलाय.”

बाबुराव खिडकीकडे बघत राहिले. सत्यशीलेनं पोहे संपवले, कारण ताटलीत टाकून उठणं बरं दिसलं नसतं.

रविवारी सकाळी नवी पेठेतल्या सभागृहात शे-सव्वाशे लोक जमले. बाबुराव इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. ठराव होईपर्यंत ते सभासद होते आणि त्यांना मतही होतं. लिमयांनी ठराव मांडला. नोंदणीचा कायदा, संस्थेची जबाबदारी, कात्रजची केस, सगळं त्यांनी नीट, शांतपणे सांगितलं. सभागृह ऐकत होतं. सत्यशीलाही ऐकत होती आणि तिला ते पटत होतं. मग त्यांनी तिचं नाव घेतलं.

ती माइकपाशी उभी राहिली. हातातला कागद तिनं घडी करून मुठीत धरला.

“मी या ठरावाला अनुमोदन दिलंय. दिलं तेव्हा मला तो कळला नव्हता. आता कळलाय.” ती थांबली. पुढचं काय ते तिलाही माहीत नव्हतं. “शिकायची सोय असून जे शिकले नाहीत, त्यांच्यासाठी हे बरोबर आहे. आपण ज्यांच्याकडून शिकलो, त्यांच्यासाठी बरोबर नाही. दोन्ही एका कलमात कसं बसवायचं ते मला येत नाही. कुणाला येत असेल तर सांगा.”

मागं कोणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि तिसरी वाजवली नाही.

“ताई,” लिमयांनी विचारलं, “हे अनुमोदन धरायचं की विरोध?”

“मला नाही सांगता येत.”

सभागृहात हशा पिकला. त्यात दुष्टपणा नव्हता, पण तिचे कान तापले.

“माझं नाव तुमच्या कागदावर आहे ते राहू द्या,” ती म्हणाली. “माझा हात मात्र विरोधात जाईल.”

“उत्कर्षा, लिहून घ्या,” लिमये म्हणाले. “असं पहिल्यांदाच होतंय.”

बाजूनं असलेल्यांनी हात वर करावेत, असं सांगितलं गेलं. हात वर गेले. सत्यशीलेनं रांगांवरून नजर फिरवली आणि ती तिसऱ्या रांगेवर थबकली. बाबुरावांचा हात वर होता. कोपरात न वाकलेला, सरळ. यांना ऐकू आलेलं नाही, तिला वाटलं. तिनं व्यासपीठावरूनच मान हलवून खूण केली, नाही, हे नाही. त्यांनी ती खूण पाहिली. हात तसाच ठेवला.

उत्कर्षा रांगेरांगेतून मोजत गेली, तो हातही तिनं मोजला. मग विरोधी हात मागितले, तेव्हा सत्यशीलेनं आपला वर केला. आणखी वीसेक होते. ठराव मंजूर झाला आणि लिमये नवव्या विषयाकडे वळले. सहलीचं ठिकाण ठरवायचं होतं.

जेवणं झाल्यावर ती बाबुरावांना बसथांब्यापर्यंत सोडायला निघाली.

“सर, तुम्ही हात वर केलात तो ठरावाच्या बाजूनं होता.”

“ठाऊक हाय.”

“मग?”

ते दोन-चार पावलं चालले. “ती बाळंतीण. ती वाचली म्हणाले ना?”

“वाचली.”

“आन् बाळ?”

“बाळही बरं आहे.”

“मग झालं तर,” ते म्हणाले.

तिला ते पुरेसं वाटलं नाही. खरंच त्यांनी विचार करून हात वर केला होता, की ऐकायला चुकले आणि आता झाकत होते? की ती माइकपाशी उभी होती म्हणून, तिची बाजू समजून? चेहऱ्यावरून काही कळेना. विचारावं, असं तिच्या मनात आलं. कळलं नाही तर विचारायचं असतं, हे तर त्यांनीच सांगितलं होतं. पण त्यांची चाल आज फार सावकाश होती, आणि तिनं विचारलं नाही.

“हल्ली समदं मशीनच करतं म्हणं?” थांब्यावर त्यांनी विचारलं.

“बरंचसं. मशीनला शंका आली की स्लाइड बघावी लागते.”

“कोण बघतं?”

“मीच.”

“उजेड नीट घेत जा. घाईत लोक उजेड घेत न्हाईत.”

वारज्याची बस आली. तिनं त्यांच्या कोपराला हात लावला, तो त्यांनी हळूच सोडवला आणि दांडा धरून स्वतःच चढले. बसमध्ये गर्दी नव्हती. खिडकीतून तिला ते पुढच्या बाकावर बसताना दिसले. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. वाहक समोर येऊन उभा राहिला. त्यांनी ज्येष्ठांच्या सवलतीसाठी वरच्या खिशातून आपलं संस्थेचं ओळखपत्र काढलं, त्याला वाचता यावं म्हणून सुलट केलं आणि पुढं धरलं. वाहकानं ते पाहिलंही नाही. पाठमोरा होऊन तो मागच्या बाकांकडे गेला. बाबुरावांनी थोडा वेळ ते तसंच धरून ठेवलं.