सालींखालच्या सुया

कुणाच्या घरात काय चाललंय, हे शेजारणीच्या आधी या दोघी जावांना कळायचं. इमारतीच्या मागच्या अंगणात ताडपत्री पसरून त्या चाळीस घरांचा कचरा हातांनी वेगळा करायच्या. ओला-सुका वेगळा द्या, हे सांगून सांगून तोंड दुखलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"ताई, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं डाएट पुन्हा मोडलं बघ," धाकटी केकचं रिकामं खोकं नाचवत म्हणाली. मग तिने बटाट्याच्या सालींत हात घातला आणि "आई गं!" करून बोट तोंडात धरलं.

सालींखाली वापरलेली इंजेक्शनची सुई होती. पिशवी तळमजल्यावरच्या डॉक्टरांची. पुढे दवाखाना, मागे घर. सुया न्यायला वेगळी गाडी असते, पण तिचे पैसे कशाला भरा? स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात सगळं खपून जात होतं.

"दाखव त्यांना," थोरली म्हणाली.

"एवढ्याशा टोचण्याला? हसतील मला."

अडीच महिन्यांनी धाकटीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. त्याच डॉक्टरांनी तिला तपासलं. "कावीळ आहे. बाहेरचं खाणं बंद करा."

"साहेब, हिला सुई टोचली होती. तुमच्याच पिशवीतली," थोरली म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "कशाचा संबंध कशाशी लावता, बाई!"

संबंध मोठ्या इस्पितळाने लावला. रक्त तपासून तिथल्या डॉक्टरणीने पहिला प्रश्न विचारला तो सुईचाच. कावीळ रक्तातून शिरली होती, यकृत निकामी झालं होतं. नवव्या दिवशी धाकटी गेली.

तिला पोचवून आल्यावर थोरली रडली नाही. तिचा जीव नुसता जळत होता. या माणसाला सुखाचा घास मिळता कामा नये, एवढंच तिच्या मनात होतं. महिनाभर ती गप्प राहिली. रोज चिमट्याने डॉक्टरांची पिशवी उपसायची, सुया मोजायची, फोनवर फोटो काढायची. डॉक्टर भेटले की हळहळायचे, "वाईट झालं हो तुमच्या जावेचं." ती मान डोलवायची.

मग एका सकाळी दवाखाना भरलेला असताना ती आत शिरली. त्या दिवशीची पिशवी तिने डॉक्टरांच्या टेबलावर उपडी केली. साली, चहाचा चोथा, रक्ताळलेला कापूस.

"अहो, काय हे! आत चला, आपण बोलू. काय हवं ते सांगा."

"यातल्या सुया काढून द्या. बाकी काही नको."

डॉक्टरांनी रांगेकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचा हात खणाकडे गेला. "थांबा, हातमोजे घालतो."

"खण बंद करा," थोरली म्हणाली. "माझ्या जावेने सहा वर्षं तुमची घाण उघड्या हातांनी उपसली. तुम्ही एकदा उपसा."

"बाई, धोका असतो त्यात! कळतं का तुम्हाला?"

"आम्हाला आत्ता कळलं. तुम्हाला तर आधीपासून माहीत होतं."

थोरलीने रोग्यांचं स्टूल ओढलं आणि त्यांच्या समोर बसली.

"आरोग्य खात्याचे साहेब अकराला येतायत. फोटो त्यांच्याकडे पोचलेत. तोवर वेळ आहे. घाला हात."

डॉक्टरांचा हात त्या ढिगावर अधांतरी राहिला. रांगेतलं एकही माणूस त्यांच्या मदतीला उठलं नाही.