माईच्या हातचं पाणी

विजेत्याची आई होणं म्हणजे दुरून डोंगर साजरे. लोकांना लेकाच्या कमरेचा सोनेरी पट्टा दिसतो. तो तिथे टिकावा म्हणून घरात काय तमाशा चालतो, ते माईला विचारावं. बॉक्सिंगची लढत जवळ आली की लेकाला आपल्या वजनगटात बसायला वजन उतरवायचं असे, म्हणून घरात स्वयंपाकाचा वास वर्ज्य. बाकीच्यांनी जिन्यात उभं राहून खायचं, चोरासारखं. एकदा सुनेचं दूध उतू गेलं तर हा भिंतीकडे तोंड करून बसला. ठोशाने माणसं झोपवणारा गडी, दुधाच्या वासाने रडकुंडीला आला.

यंदा तर माईच्या नाकी नऊ आले. चाळिशीला टेकलेलं शरीर विशीतल्यासारखं कसं ऐकणार? प्लास्टिकचा सूट चढवून लेक बाथरूमच्या वाफेत बसायचा आणि डब्यात थुंकायचा. थुंकीनेही म्हणे वजन उतरतं. माईने कपाळाला हात लावला.

मागच्या लढतीनंतर डॉक्टरने डोक्याचे फोटो पाहून स्वच्छ सांगितलं होतं, आता डोक्याला एकही ठोसा नको. लेक म्हणाला, फक्त ही एक लढत. कोच म्हणाला, फक्त ही एक. त्याच्या आदल्या वेळीही दोघं हेच म्हणाले होते. पालथ्या घड्यावर पाणी. सून रडून दमली, माई भांडून.

घरात एक नियम होता, लेकानेच पहिल्या लढतीला घातलेला. लढतीआधी काट्यावर वजन होईपर्यंत पाणी फक्त माईच्या हातचं, आणि माईने ते द्यायचं नाही. नळ हाताशी असूनही तो कधी त्याला तोंड लावत नसे. गयावया करी, चिडे, पण माई ओला रुमाल ओठांना टेकवण्यापलीकडे काही देत नसे. वर विचारायची, पट्टा हवा का पाणी? तो मान खाली घालून म्हणायचा, पट्टा. कोचपेक्षा आपला धाक जास्त, याचा माईला केवढा तोरा होता.

वजनाच्या दिवशी सकाळी थोडंसंच उतरायचं राहिलं होतं. गालफडं बसलेला लेक बाथरूमच्या दाराशी टेकला.

"माई, पोरगी शाळेतून आली का?"

"आज सुट्टी आहे. आत झोपलीय."

जरा वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. माईने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती खेकसणारच होती, पण तिची नजर सुनेकडे गेली. सून दाराशी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नवल असं काहीच नव्हतं. म्हणजे हे रोजचंच होतं.

"पाणी दे ना," लेक सवयीने म्हणाला.

माई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ग्लास घेऊन आली.

तो ग्लासाकडे बघत राहिला. "हा भरलेला आहे."

"डोळे आहेत मला."

"एवढं प्यायलो तर वजनात बसणार नाही मी."

"शाळेत गेले नाही म्हणून तेवढंही कळत नाही होय? बोल. पट्टा हवा का पाणी?"

 त्याने दोन्ही हातांनी ग्लास धरला. थोडं पाणी छातीवर सांडलं. बाकीचं घटाघट प्यायला आणि रिकामा ग्लास पुढे केला.

"अजून."

काट्यावर वजन जास्त भरलं. लढत रद्द झाली आणि पट्टा गेला, एकही ठोसा न खाता. कोच घरी येऊन थयथयाट करून गेला, आईनेच लेकाचं वाटोळं केलं म्हणाला. माईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी तुझ्या डोक्याचे फोटो काढून आण, मग बोलू.

लेकाने कितीतरी दिवस अबोला धरला. पण पाणी काही स्वतःच्या हाताने घेईना. तहान लागली की नुसता ग्लास आपटायचा. आता आपटत नाही, हाक मारतो, "माई, पाणी." तिचे गुडघे दुखतात. उठताना ती करवादते, नळ काय संपावर गेलाय का, एवढा घोडा झाला तरी आईच लागते. कुरकुरत जाते आणि ग्लास काठोकाठ भरून आणते.