पाळण्याचा परवाना

दादा, म्हणजे माझे वडील, भिंतीवरून पडून गेले नाहीत. डेंग्यूने गेले, अंथरुणात. हे मुरबाडमध्ये इतक्या जणांना सांगावं लागलं की दारावर पाटीच लावू या, असं बारकीआत्या म्हणाली. आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण.

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर दादांनी एक बंद पडलेली भातगिरणी घेतली आणि आतल्या उंच भिंतीवर रंगीत खुंट्या ठोकून चढायची भिंत केली. माळशेजचे कडे चढणारी पोरं तिथे सराव करायला येत. आत्या खालून त्यांच्या कमरेचे दोर धरायची आणि त्यांना शिव्याही द्यायची. आता परवान्यावरचा चालकच हयात नव्हता. तपासणीत पास झालो नाही तर भिंत बंद होणार होती आणि जागेत खताच्या गोण्या रचायला एक व्यापारी तयारच होता.

तपासायला आलेल्या साहेबांचं नाव हनुमान. ओट्याच्या पायऱ्या चढतानाच त्यांना धाप लागली.

"नाव बघ नि दम बघ," आत्या माझ्या कानात म्हणाली. पण मोठ्याने.

साहेबांचीही पंचाईत होती. चढायच्या भिंतीचे नियम त्यांच्याकडे नव्हते, म्हणून आम्हाला जत्रेतल्या पाळण्यांच्या नियमांत बसवलं होतं.

"बसणाऱ्याने हात बाहेर काढू नयेत," त्यांनी वाचलं. भिंतीकडे पाहिलं. "हे लागू नाही."

"मग हातानं काय वारा घ्यायचा?" आत्या म्हणाली.

"आसनाला कठडा..."

"आसनच नाय."

"सुरू करण्यापूर्वी घंटा." साहेब खुलले. "घंटा मात्र लागेल, मॅडम."

"दादांनी जन्मभर एसटीत घंटी वाजवली," मी म्हणाले. "इथे नको म्हणायचे. चढणाऱ्याने विचारायचं, हाय का? दोर धरणाऱ्याने म्हणायचं, हाय. उत्तर येईपर्यंत पाय उचलायचा नाही."

"दाखवा करून."

आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. दादा गेल्यापासून मी चढले नव्हते. माझा दोर तेच धरायचे. मी विचारायचं आणि खालून दुसऱ्याच कुणाचा आवाज यायचा, हे मला नको होतं.

"तुम्हीच चढून बघा साहेब. दोर मी धरते. तपासणी पक्की होईल," मी म्हणाले.

"मी? माझं काम कागदावरचं..."

"चढ रे सायबा! नावाला तरी जाग," आत्या म्हणाली आणि त्यांच्या कमरेला पट्टा आवळायला लागली.

साहेब भिंतीला तोंड करून उभे राहिले. "मॅडम, आपण आहात का?"

"आहात नाय. हाय का, म्हन," आत्याने सुधारलं.

"हाय का?"

मी हातातला दोर उगाच पुन्हा ओढून पाहिला. साहेबांनी उचललेला पाय खाली ठेवला.

"उत्तराशिवाय नाही ना उचलायचा?" नियम म्हटल्यावर माणूस पक्का होता. "हाय का?"

"हाय," मी म्हणाले.

निम्म्यावर जाऊन ते भिंतीला पालीसारखे चिकटले. डोळे गच्च मिटलेले.

"हाय का?"

"हाय."

"अजून हाय का?"

"हाय, साहेब."

"कुठं जाऊ नका हां!"

"ती नाय जात, तूच ये खाली," आत्या म्हणाली.

मी दोर सैल सोडत त्यांना हळूहळू उतरवलं. जमिनीला पाय लागताच ते पुन्हा साहेब झाले. "घंटेऐवजी तोंडी हाक. चालेल. नवीन चालक कोण?"

"अक्षदा देवराम गोजर."

"देवराम गोजर तर आहेच वर. नुसतं पुढे अक्षदा जोडतो." त्यांनी पेन उघडलं आणि थबकले. "पण चालकाला स्वतःला चालवता आलं पाहिजे, असं आहे इथे. पाळण्याचं आहे, पण लागू होतं. चढून दाखवा."

आता पळवाट नव्हती. मी पट्टा बांधला. आत्याने माझ्या हातातला दोर काढून घेतला आणि पदर खोचून उभी राहिली. मी भिंतीकडे तोंड केलं. दादांच्या हातची पिवळी खुंटी डोळ्यांसमोरच होती.

विचारायला मला वेळ लागला.

"हाय का?"

"कवाची हाय गो," मागून आत्याचा आवाज आला. "चढ आता. मना भात टाकायचाय."

मी पाय उचलला.