मातीला न आलेल्यांसाठी

हिरवी पट्टी सरकत सरकत अगदी शेवटाला आली, तिथं थबकली, आणि पडद्यावर चौकट उमटली. डिस्क लिहिताना चूक झाली आहे. कॉम्प्युटरने आपला कप्पा बाहेर ढकलला. सिनिकिवेने त्यातली डिस्क उचलून उजेडात धरली. काठाजवळचं थोडं सोडलं तर सगळीकडे रंग पालटला होता. एवढी मजल मारून ती फुकट गेली होती.

“गेली?” खिडकीजवळच्या खुर्चीतून एनोकमामांनी विचारलं.

“गेली.”

“जाऊ दे. मातीचं काय चित्र काढायचं? लग्न होतं का ते?”

सिनिकिवेने बिघडलेली डिस्क बाजूला ठेवली. हे वाक्य ती गेले तीन आठवडे ऐकत होती. आईला गावी, त्शोलोत्शोला पुरलं, त्या दिवशी झ्वेली कॅमेरा घेऊन खड्ड्याशी उभा राहिला तेव्हा मामांनी काठी उगारली होती. सिनिकिवे मध्ये पडली. “त्याला मी आणलंय,” एवढंच ती म्हणाली होती. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. त्यांच्यासमोर ती इतकी ताठ आजवर कधी उभी राहिली नव्हती.

कारण बुसानी. तिचा धाकटा भाऊ, आईचा एकुलता एक मुलगा. तो जोहान्सबर्गला होता, कागदपत्रांशिवाय. तिकडे त्या वर्षी परक्यांना घरातून ओढून काढून मारत होते, त्यामुळे तो कामावर जातानाही तोंड बंद ठेवून जायचा. बोलला की इकडचा आहे हे कळायचं. सीमा ओलांडून आईच्या मातीला आला असता तर परत जाता आलं नसतं. आणि तो परत गेला नसता तर बुलावायोतलं हे दोन खोल्यांचं घर आणि गावाकडची सहा माणसं काय खाणार होती? आई गेल्याचं सांगायला तिने फोन केला तेव्हा त्याने आधी माती कधी आहे ते विचारलं. मग म्हणाला, “ताई, मला दाखव.”

म्हणून हा सगळा खटाटोप. झ्वेली लग्नांचं शूटिंग करायचा. त्याने मातीचं सगळं टिपलं, पण नंतर एकदा गेलेली वीज अशी धाडकन परत आली की त्याचा कॉम्प्युटर जळाला. नशिबाने त्याआधीच त्याने ते शूटिंग सिनिकिवेच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. हा कॉम्प्युटर बुसानीनेच पाठवलेला. पुढच्या खोलीत शिलाई मशीनच्या शेजारी तो असायचा. शाळांचे गणवेश शिवता शिवता सिनिकिवे त्यावर मापं टिपायची, आणि मामा गुडघ्याच्या दवाखान्यासाठी शहरात आले की त्यावर पत्ते खेळायचे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मासुकू जोहान्सबर्गला निघणार होता. तो आपल्या पिकअपला ट्रेलर जोडून तिकडून तेल, तांदूळ, साखर आणायचा आणि इकडून चिठ्ठ्या, सुकवलेली भाजी, कधी एखादं मूल न्यायचा. तो गेला की पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसे. कोऱ्या डिस्का चार मिळाल्या होत्या, सीमेपलीकडून माल आणणाऱ्या एका बाईकडून. शहरात शोधूनही आणखी मिळाल्या नव्हत्या. आता तीन उरल्या.

सिनिकिवे झ्वेलीला बोलावून घेऊन आली. त्याने बसल्या बसल्या माउस फिरवला आणि तो हसला.

“मावशी, तुम्ही डिस्क राइट करताय की शर्यत लावलीय? वेग बघा की. सगळ्यात वरचा! ह्या असल्या स्वस्तातल्या डिस्कांना एवढा दम नसतो. इथं चार करा. वेळ लागेल, लागू दे. आणि राइट होत असताना दुसरं काही चालवायचं नाही. पत्ते कोण खेळत होतं?”

सिनिकिवेने मामांकडे पाहिलं.

“मला काय माहीत आत काय चाललंय ते?” मामा म्हणाले. “नुसती लाल राणी हलवली मी.”

“लाल राणीने घात केला बघा, आजोबा.” झ्वेली उठला. “मला ग्वांडाला लग्न आहे, मावशी, मी निघतो. आणि शेवटी डिस्क मिटवायला, म्हणजे फायनलाइज करायला, विसरू नका. मिटवली नाही तर तुमच्या कॉम्प्युटरवर दिसेल, पण दुसऱ्याच्या प्लेअरवर दिसायची नाही.”

तो गेला. सिनिकिवेने दुसरी डिस्क घातली, वेग कमी केला, आणि मामांना चहा दिला, म्हणजे त्यांचे हात गुंतून राहतील.

“ज्याला बघायचं होतं तो आला असता,” मामा कपात साखर ढवळत म्हणाले.

“मामा, तुम्ही ढवळताय ती साखर कुणाची?”

चमचा थांबला. मामा बाहेर बघायला लागले. सिनिकिवेला बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. खरं तर तिच्याही मनात बुसानीबद्दल अढी होती. मातीची पहिली मूठ मुलाने टाकायची असते. मुलगा आला नाही म्हणून ती तिने टाकली, सगळ्या गावासमोर, आणि बायकांची कुजबुज पाठीवर झेलली. हे तिने फोनवर कधी त्याला सांगितलं नव्हतं.

पट्टी अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. वीज गेली म्हणावं तर दिवा चालू होता. तिने कॉम्प्युटरच्या पेटीवर हात ठेवला. तवा तापावा तशी तापली होती.

“आता?” मामा म्हणाले.

“आता बघायचं.”

तिने शिलाई मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पेटीची बाजू खोलली. आत पंख्यावर, तारांवर, डिस्कच्या कप्प्याच्या पाठीमागे निळा-करडा लोकरीसारखा थर बसला होता. तिने चिमटीने तो उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अखंड निघून आला. दोन वर्षं कापलेल्या गणवेशांचे ते बारीक तंतू होते, निळ्या स्कर्टांचे आणि करड्या चड्ड्यांचे. ते बघून तिला हसू आलं.

“काय झालं?”

“काही नाही. माझ्याच कामाने ह्याचा जीव गुदमरला होता.”

मशीन साफ करायच्या ब्रशने तिने कोपरा न् कोपरा झाडला. मग कॉम्प्युटर मागच्या खोलीत, आईच्या रिकाम्या पलंगावर नेऊन ठेवला, शिलाईपासून लांब. सगळं पुन्हा जोडेपर्यंत वीज गेली होती. ती दिवसभर आलीच नाही.

शनिवारी ती पहाटेच उठली. वीज होती. तिसरी डिस्क तिने घातली आणि शेजारी बसून राहिली. मामांनी आपणहून खुर्ची अंगणात नेली, कॉम्प्युटरकडे फिरकलेही नाहीत. पट्टी शेवटाला गेली. या वेळी चौकट आली नाही. कॉम्प्युटरवर लावली तर चित्रही दिसलं.

ती डिस्क घेऊन समोरच्या माहादेबेकडे गेली. या बाईकडे डीव्हीडी प्लेअर होता. मामा काठी टेकत मागोमाग आले. “मला गुडघा हलवायला सांगितलंय डॉक्टरने,” असं कुणी न विचारता म्हणाले.

माहादेबेने डिस्क घातली. प्लेअरने बराच वेळ कुरकुर केली आणि डिस्क नाही असं सांगितलं.

“हिच्यात काही नाही गं,” माहादेबे म्हणाली.

सिनिकिवेने डिस्क काढून उलटी करून पाहिली. मग कपाळावर हात मारून घेतला. “मिटवलीच नाही मी!”

ती धावत घरी गेली. तीच डिस्क पुन्हा कॉम्प्युटरमध्ये घालून तिने झ्वेलीने सांगितलेलं बटण शोधलं आणि कप्पा उघडेपर्यंत श्वास रोखून उभी राहिली. परत आली तेव्हा मामा आणि माहादेबे निळ्या पडद्यासमोर तसेच बसले होते.

या वेळी चित्र आलं. हिवाळ्यातलं कोरडं गाव, घराच्या कुंपणाशी उभी माणसं, चार जणांच्या खांद्यावर शवपेटी. बायकांचं गाणं चालू झालं. माहादेबेने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. खड्ड्याजवळ आईची चटई, तिची घोंगडी, तिची थाळी. मग एनोकमामा पुढे आले, आणि त्यांचा आवाज खोलीत भरून राहिला.

“बाई, एकच मुलगा जन्माला घातलास. त्याला तुझ्या अंगावर मूठभर माती टाकायलाही वेळ नाही. तिकडे साहेब झालाय तो. आज त्याच्या जागी तुझी मुलगी उभी आहे. लाज त्याची आहे, तुझी नाही.”

सिनिकिवेला हे ठाऊक होतं. तिथे उभी असताना तिने ऐकलं होतं, आणि काढून टाकावं असं तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. आज ते ऐकताना तिने पहिल्यांदा मामांकडे पाहिलं. ते पडद्यावरच्या स्वतःकडे बघत होते.

“मी इतक्या मोठ्यानं बोललो?”

“हो.”

“थांबव ते.”

माहादेबेने थांबवलं. मामांनी दोन्ही हात काठीवर ठेवले. “तेवढं काढ, पोरी. माणूस मातीला काहीही बोलतो. बहीण गेली होती माझी. कुणावर तरी ओरडायचं होतं.”

“मामा, हे काढायचं म्हणजे सगळं पुन्हा तयार करावं लागतं. वेळ जाईल. आणि एकच डिस्क राहिलीय.”

“तू शिवलेलं उसवून पुन्हा शिवत नाहीस?”

तिने घड्याळ बघितलं नाही, डिस्क घेऊन सरळ घरी गेली. मामांचं बोलणं शोधून कापलं, पुढचा भाग मागच्याला जोडला. कॉम्प्युटर सगळं नव्याने तयार करत असताना तिने हात मांडीखाली दाबून धरले होते, काही भलतं दाबलं जाऊ नये म्हणून. मामा दाराशी उभे होते, आत यायला धजत नव्हते. अखेर तिने शेवटची डिस्क घातली. पट्टी सरकू लागली.

रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला.

“थांबवा त्याला!” ती ओरडली, आणि मामा खरोखरच गुडघा विसरून फाटकाकडे गेले. मासुकूशी त्यांची हुज्जत तिला आतून ऐकू येत होती. “चहा घे.” “नको, आजोबा, नाक्यावर उशीर होतो.” “पाणी तरी घे.” “आजोबा, ट्रेलरमध्ये माणसं आहेत!”

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली, आणि खोलीतलं सगळं एकदम शांत झालं. पंख्याची घरघर बंद. पडदा काळा. माहादेबेच्या घरातला रेडिओही थांबला. वीज गेली होती.

सिनिकिवेने बटण दोनदा दाबून पाहिलं. मग टाचणीने कप्पा उघडून डिस्क काढली आणि बाजूला ठेवली. आधीची, चांगली निघालेली डिस्क तिने गणवेशाच्या निळ्या कापडात गुंडाळली, चारी बाजूंनी टाके घातले आणि बाहेर आली.

“झाली?” मामांनी विचारलं.

“ती नाही झाली, मामा. ही जाणार आहे. तुमचं बोलणं आहे हिच्यात.” तिने पुरचुंडी त्यांच्यासमोर धरली. “तुम्ही म्हणाल तर नाही पाठवत.”

मासुकूने इंजिन बंद केलं नव्हतं. मामांनी पुरचुंडी हातात घेतली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग स्वतः चालत गाडीपर्यंत गेले आणि खिडकीतून ती मासुकूला दिली.

“सांभाळून ने. उन्हात ठेवू नकोस.”

पुढचे दिवस मामा फारसे बोलले नाहीत. दवाखाना झाला तरी गावी गेले नाहीत. रोज संध्याकाळी फोन कुणाचा आला होता का, असं आडून विचारायचे. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी फोन आला. सिनिकिवे अंगणात कपडे वाळत घालत होती. मामा खुर्चीत होते. तिने फोन कानाला लावला.

“ताई,” बुसानी म्हणाला, “मिळालं. बघितलं.”

“नीट चालली?”

“चालली. एकट्याला बघवेना, म्हणून इथल्या पोरांना बोलावलं. अकरा-बारा जण झालो खोलीत. सगळे आपल्याकडचेच. कुणाला आईच्या मातीला जाता आलं नाही, कुणाला बापाच्या.”

“मामांचं बोलणं...” तिने मामांकडे पाठ केली. “मी काढणार होते रे. वीज गेली.”

“बरं झालं गेली.” तो थांबला. तिकडे कुठेतरी गाड्या जात होत्या. “मामा बोलायला लागले तसा मी उठून उभाच राहिलो. इतकी वर्षं झाली मला कुणी असं रागावलं नव्हतं. इथं लोक शिव्या देतात, ताई. रागावत कुणी नाही. मागं बघितलं तर सगळीच पोरं उभी, टोप्या काढून. मामा सगळ्यांनाच बोलत होते.”

सिनिकिवेने फोन दुसऱ्या कानाला लावला. हातातला ओला सदरा तिने तारेवर टाकला, पण चिमटा लावायचा राहिला.

“मी माती टाकायला पाहिजे होती,” तो म्हणाला.

“मी टाकली ना.”

“दिसलं. दोन वेळा टाकलीस.”

“एक माझी होती.”

तिने आता सदऱ्याला चिमटा लावला. मागे खुर्ची करकरली. मामा पुढे वाकून ऐकायचा प्रयत्न करत होते.

“काय म्हणतोय?” त्यांनी विचारलं. तिने हाताने थांबा म्हटलं.

“शेवटी तुम्ही सगळे मातीवरून परत येऊन रीतीप्रमाणे फाटकाशी हात धुताना दिसलात,” बुसानी सांगत होता. “तिथं संपलं. कुणी उठेना. टीव्ही बंद केला तरी कुणी जाईना. मग एक जण आत गेला आणि नळ सोडला. त्याच्या मागे दुसरा. आमच्याकडे एकच नळ आहे, ताई, तोही बारीक येतो. पण कुणी घाई केली नाही. रांगेनं उभे राहिलो आणि एकेकानं हात धुतले.”