डुक्कर कान हलवेना

छुनलिनकाकांनी तिसऱ्यांदा डुकराच्या कानात कोमट दारू ओतली. डुक्कर ढिम्म. पाय बांधलेलं ते काळं धूड पश्चिमेच्या भिंतीशी, पूर्वजांच्या पूजेच्या फळीखाली आडवं पडलं होतं आणि आपला काही संबंधच नाही अशा डोळ्यांनी साकदा या साऱ्या मांचू कुळाकडे बघत होतं. कान झटकले की पूर्वजांनी बळी स्वीकारला. नाही झटकले, तर कुळाचं काहीतरी चुकलंय.

"कंटाळले असतील तेही," भाऊबंदांपैकी बाओग्वेची बायको मागून पुटपुटली. "दर वर्षी तेच गाणं."

"तू गप गं," बाओग्वे म्हणाला. "भूक मलाही लागलीय."

वेइयुआनला हसू आलं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा हा पुतण्या पहाटेच्या गाडीने आला होता, पाठीचा पार भुगा झाला होता, आणि लक्ष सगळं काकांच्या गुडघ्यांकडे होतं. ऐंशीला टेकलेला माणूस, कमरेला घंटांचा पट्टा, हातात डफ, सकाळपासून गातोय. काकांना पूर्वजांच्या मांचू भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. आजोबांनी चिनी अक्षरांत उतरवलेले उच्चार त्यांनी तरुणपणी घोकले आणि तेच जन्मभर म्हटले. दुसरं कुणी शिकायला पुढे आलं नाही, आणि पूर्वजांनी मोकळं केल्याशिवाय डफ खाली ठेवायचा नाही हा कुळाचा नियम. यंदा त्यांचा श्वास ओळीच्या मध्येच तुटत होता. म्हातारा एक दिवस गाता गाताच जाणार, ही धास्ती वेइयुआनला दर वर्षी इकडे ओढून आणायची.

पुन्हा वाटी उचलताना काकांच्या हातून दारू जमिनीवर सांडली.

"वेइयुआन, तुला त्यांची भाषा येते. तूच सांग बाबा. माझं काही ऐकत नाहीत."

भाषा येते म्हणे. तो विद्यापीठात मांचू शिकवायचा, म्हणजे दोन-चार पोरांकडून मुळाक्षरं गिरवून घ्यायचा. उरलेला जन्म जुने दरबारी कागद वाचण्यात गेला. पाऊस किती पडला, घोडे किती मेले, कुणाला बढती द्यावी. मांचूत तो कधी कुणाशी बोललाच नव्हता. बोलणार तरी कुणाशी?

तो काकांशेजारी गुडघे टेकून बसला. घरच्या वडीलधाऱ्यांशी या भाषेत कसं बोलतात हे त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून तोंडात आली ती अर्जाचीच भाषा. दास वेइयुआन चरणी विनंती करतो. यंदा मका बरा आला. काका म्हातारे झाले, त्यांचा दम संपला. इथल्या कुणालाच तुमचं बोलणं कळत नाही. मला कळतं, पण मीही थकलो आहे. हे डुक्कर शेवटचं समजून स्वीकारावं आणि आम्हाला मोकळं करावं. हुकूम व्हावा.

या भाषेत तो पहिल्यांदाच स्वतःचं काही बोलला होता. त्याने वाटीत उरलेली दारू डुकराच्या कानात ओतली.

डुकराने एकदा जोरात कान झटकले.

घरभर सगळ्यांना हायसं वाटलं. बाओग्वे सुरी आणायला धावला, बायकांनी चुलीत लाकडं सारली. वेइयुआन तिथेच बसून राहिला. एवढ्या पिढ्यांचं हे सारं आपण कुणाला न विचारता गुंडाळून टाकलं, याची त्याला लाज वाटत होती.

दुपारी आंबवलेल्या कोबीत शिजवलेलं मांस वाढलं गेलं. काका वाडगा घेऊन त्याच्याजवळ टेकले.

"काय सांगितलंस रे?"

वेइयुआन वाडग्यातला कोबी चिवडू लागला.

"मी कित्येक वर्षं मनातल्या मनात म्हणतोय, पुरे करा, सोडा मला. पण त्यांना चिनी कुठलं कळायला?"

"काका, मी तेच मागितलं."

काकांनी वाडगा खाली ठेवला. मग त्यांनी कमरेचा पट्टा सोडला, डफ उचलला आणि दोन्ही पुतण्याच्या मांडीवर ठेवले.

"ज्याचं ते ऐकतात, त्याने वाजवावं."

"अहो, मी आपल्या दोघांसाठी मागितलं होतं."

"कान एकदाच हलले ना रे, सुटका एकाचीच," काका म्हणाले, आणि भिंतीला टेकून तिथेच झोपी गेले.

असं गाढ झोपलेलं त्यांना वेइयुआनने कधी पाहिलं नव्हतं. त्यांना उठवून वाद घालायचं त्याच्या जिवावर आलं.

"मग पुढच्या वर्षी कधी जमायचं?" बाओग्वेच्या बायकोने भांडी गोळा करता करता विचारलं.

"मका काढून झाला की," वेइयुआन म्हणाला.