चारचं वर्गमूळ

लेखी परीक्षेनंतर सिद्धतेची तोंडी घ्यायची टूम माझी, आणि विभागप्रमुख सरांना ती पहिल्यापासून खुपत होती. पेपर चांगला सोडवलेल्या पोरांना फळ्यापुढे घाम फोडून काय मिळतं, असं ते म्हणायचे. यंदा तर ते स्वतःच दुसरे परीक्षक म्हणून येऊन बसले.

पहिलीच आली ती ‘टेप’. कुठलीही सिद्धता स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायची, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. लेखीत पैकीच्या पैकी. पण तोंडीत नापास झाली तर वर्ष वाया जाणार होतं.

दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणजे अपूर्णांकात मांडता येत नाही, हे तिने घडाघडा लिहिलं. मी म्हटलं, आता चारचं बघ.

पोरीने दोनच्या जागी चार घालून गाडी तशीच सुसाट सोडली. समजा ते ‘अ भागिले ब’ आहे, आणि दोघांत सामाईक अवयव नाही. म्हणून ‘अ’च्या वर्गाला चारने भाग जातो. म्हणून ‘अ’लाही जातो. म्हणून ‘ब’लाही. पण हे तर अशक्य! सिद्ध झालं. सर प्रत्येक ओळीला मान डोलावत होते. आपण काय सिद्ध करतोय, हे दोघांच्याही गावी नव्हतं. मला रागही आला आणि हसूही.

“चारचं वर्गमूळ किती?” मी विचारलं.

“दोन,” ती म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. सरांची मानही थांबली.

सर सावरून म्हणाले, पोर घाबरलीये, पास करून मोकळ्या व्हा. मी नाही म्हणणार, तोच ती बोलली.

“नको, सर. यातली एक ओळ खोटी आहे. ती सापडल्याशिवाय मी जाणार नाही.”

बाहेर पुढची मुलं ताटकळली होती. ती मात्र एकेका ओळीत ‘अ’ म्हणजे दोन, ‘ब’ म्हणजे एक असं घालून बघत राहिली. एका ओळीवर तिचा हात थबकला. दोनच्या वर्गाला चारने भाग जातो. दोनला जात नाही. तिने त्या ओळीवर जोरात काट मारली.

झालं, पास, असं सर म्हणाले. मलाही तेच वाटत होतं. पण ती जागची हलेना.

“मग दोनच्या वर्गमुळाच्या वेळी हीच ओळ कशी चालली? ते मला माहीतच नाही, मॅडम. नुसती पाठ होती.”

पुन्हा फळ्याकडे वळली. विषम संख्येचा वर्ग विषमच येतो. म्हणून वर्ग सम असेल तर संख्याही समच. शब्द ओबडधोबड होते, पण तिचे होते. मला मनापासून आनंद झाला. सर खुर्ची पुढे ओढून बघत होते. तिने सगळं एकदा वरून खाली वाचलं, खडू ठेवला आणि निघाली. बरोबर आहे का, असं तिने आम्हाला विचारलंच नाही.